केबल ट्रेचं ओझं शेवटी कुणाच्या खांद्यावर?

वाळूजच्या एका कारखान्यात पहिल्याच पावसात छत गळायला लागलं आणि बोलावणं आलं ते आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना. पत्र्याचं काम आमचं नव्हतं. पण शिडी लावून वर गेलो तेव्हा पत्र्याखालची पर्लिन, म्हणजे छताचा पत्रा ज्यावर बसतो ती आडवी पट्टी, पिळलेली दिसली. पत्रा ओढला जाऊन स्क्रूची भोकं लांबट झाली होती आणि पाणी तिथूनच येत होतं. पर्लिनच्या खालच्या ओठाला अडकवलेला रॉड मात्र आमचा होता आणि त्या रॉडला आमचा केबल ट्रे, म्हणजे केबल वाहून नेणारा लांब लोखंडी सांगाडा, टांगलेला होता. सहा महिन्यांपूर्वी मीच सही करून ते काम पास केलं होतं. सोबतचे फिटर मामा एवढंच म्हणाले, "साहेब, ट्रे चांगलाय, केबल चांगलीय. पण समदं वजन ही एकटी पर्लिन झेलायलीय."

तेव्हापासून मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, की केबल ट्रेचं काम हे मुळात सपोर्टचं काम आहे. ट्रे बाजारातून तयार येतो, केबल ड्रमवर गुंडाळून येते. सपोर्ट मात्र आपण ठरवतो, आपण कापतो, आपणच लावतो, त्यामुळे चूकही तिथंच होते. केबलचं वजन ट्रेवर येतं, ट्रेचं आडव्या चॅनलवर, चॅनलचं रॉडवर किंवा ब्रॅकेटवर, तिथून बोल्टवर आणि शेवटी इमारतीवर. या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जेवढं झेलेल, तेवढंच त्या ट्रेवर टाकता येतं.

आधी वजन काढा

साइटवर नेहमीचा प्रश्न असतो, "सपोर्ट किती अंतरावर मारू?" त्याआधीचा प्रश्न म्हणजे मीटरला वजन किती येणार आहे, आणि तो फार कमी लोक विचारतात. हिशेब साधा आहे, वहीच्या अर्ध्या पानावर होतो.

समजा सबस्टेशनपासून मशीन शॉपपर्यंत साडेतीन कोअर (आत तीन जाड तारा आणि एक निम्म्या जाडीची), ३०० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाच्या, केबलच्या सहा लाइन न्यायच्या आहेत. अशी केबल मीटरला साधारण ५ ते ६ किलो भरते. नेमका आकडा त्या-त्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये असतो, तोच घ्यायचा. साडेपाच धरले तर सहा केबलचे ३३ किलो झाले. ६०० एमएम रुंदीच्या लॅडर ट्रेचं, म्हणजे शिडीसारख्या उघड्या तळाच्या ट्रेचं, स्वतःचं वजन ९ किलो धरू, म्हणजे ४२. वर पुढच्या वाढीसाठी केबलच्या वजनाच्या पाव हिस्सा, म्हणजे ८ किलो. एकूण मीटरला ५० किलो.

५० किलो ऐकायला काही वाटत नाही. पण ट्रे ६० मीटर लांब असेल तर ते ३,००० किलो होतात. लातूरच्या आडतीत ३० क्विंटल सोयाबीन उतरवलं की केवढी थप्पी लागते, ती डोळ्यांसमोर आणा. तेवढा माल आपण छताला टांगतोय, आणि तोही ट्रेच्या एकाच थरात. तीन थर असले तर त्याच्या तिप्पट.

वाढीचा पाव हिस्सा धरताना लोक कुरकुरतात. माझा अनुभव असा, की नव्या कारखान्यात पहिल्या दोन-तीन वर्षांतच नवी मशीन येते आणि तिची केबल जुन्याच ट्रेवर पडते. त्या वेळी सपोर्टचा हिशेब तपासायला कुणी वर चढत नाही. म्हणून तो आजच करून ठेवलेला बरा.

अंतराचं गणित

दोन सपोर्टमधलं अंतर वाढलं की ट्रेला झोल येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो किती झपाट्याने वाढतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. अंतर दुप्पट केलं तर झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो, कारण तो अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. दीड मीटरऐवजी अडीच मीटरवर सपोर्ट मारला तर तेवढ्याच वजनाला झोल जवळपास पावणेआठपट येतो आणि ट्रेच्या बाजूच्या पट्टीवरचा ताण पावणेतीनपट होतो. ठेकेदार म्हणतो, "दहातले चारच सपोर्ट वाचवलेत साहेब, काय फरक पडतो?" पडणारा फरक हा एवढा असतो.

झोल किती चालतो? आयईसी ६१५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरलेल्या सुरक्षित भाराखाली मधला झोल अंतराच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त नको. म्हणजे दीड मीटरला १५ एमएम. आडव्या दिशेनेही ट्रेचा तळ रुंदीच्या विसाव्या भागापेक्षा जास्त खाली वाकता कामा नये. ट्रे बनवणाऱ्याकडून भार आणि अंतराचा तक्ता मागून घ्या. कोणत्या अंतरावर मीटरला किती किलो चालतील, हे त्यात लिहिलेलं असतं. तक्ता द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी ट्रे घेत नाही.

आता जोडाची गोष्ट. ती फारशी कुणी शिकवत नाही, म्हणून इथं जरा थांबतो. सलग ट्रे अनेक सपोर्टवरून जातो तेव्हा सपोर्टच्या डोक्यावर तो वरच्या बाजूला फुगायला बघतो आणि मधोमध खाली वाकतो. या दोन्हींच्या मध्ये, सपोर्टपासून साधारण पाव अंतरावर, अशी एक जागा येते की तिथं वाकवणारा जोर जवळजवळ शून्य असतो. दोन ट्रे जोडणारी पट्टी आणि तिचे बोल्ट हा ट्रेमधला कमजोर भाग, म्हणून जोड याच जागी यायला हवा. मधोमध नको आणि बरोबर सपोर्टच्या डोक्यावरही नको.

आपल्याकडे ट्रे सहसा अडीच मीटर लांबीचा येतो आणि सपोर्टसाठी दीड मीटरचं अंतर तोंडपाठ असतं. या दोन आकड्यांचं जमत नाही. पहिला जोड २.५ मीटरवर येतो, दुसरा ५ वर, तिसरा ७.५ वर आणि हा तिसरा बरोबर सपोर्टवर बसतो. सुरुवात थोडी सरकवून बघितली तर दुसराच कुठला तरी जोड मध्याजवळ जातो. म्हणून जड केबलसाठी मी १.२५ मीटर अंतर घेतो. मग प्रत्येक ट्रेला बरोबर दोन सपोर्ट मिळतात. पहिला जोड सपोर्टपासून ३०० एमएमच्या आसपास बसवला की शेवटपर्यंत प्रत्येक जोड त्याच जागी येतो. सपोर्ट वीस टक्क्यांनी वाढतात हे खरं. पण सगळी लाइन एका धोरणाने जाते आणि फिटरला दर वेळी टेप लावून विचार करावा लागत नाही. हलक्या कंट्रोल केबलच्या ट्रेला दीड मीटर खुशाल ठेवा.

टोकाच्या गाळ्याकडेही, म्हणजे टोकाच्या दोन सपोर्टमधल्या भागाकडेही, लक्ष असू द्या. पलीकडून ट्रे धरणारा कुणी नसल्याने पहिल्या आणि शेवटच्या गाळ्यात झोल जास्त येतो. तिथं अंतर थोडं कमी ठेवा, जोड टाळा, आणि शेवटच्या सपोर्टपुढे ट्रे ३०० एमएमपेक्षा जास्त लोंबता सोडू नका. वळणावर आणि टीवर दोन्ही बाजूंना ६०० एमएमच्या आत सपोर्ट हवा. वळण मोठं असेल तर त्याच्या पोटातही एक द्या.

टांगायचं कशाला?

शेंद्रा, बिडकीन, वाळूज, कुठंही जा, नव्या शेड बहुतेक पीईबीच्या, म्हणजे कारखान्यात तयार करून साइटवर जोडलेल्या लोखंडी सांगाड्याच्या, असतात. कॉलम आणि राफ्टर (छताचे मुख्य तिरपे बीम) जाड प्लेटचे, त्यावर झेड किंवा सी आकाराच्या पर्लिन, वर पत्रा. ही पर्लिन म्हणजे दीड ते अडीच एमएमचा वाकवलेला पत्रा असतो. ती पत्रा, वारा आणि वर चढणारा माणूस यांच्यासाठी बनवलेली असते. दिवे, डक्ट, फायरची पाइपलाइन अशा लटकत्या सामानासाठी शेडचा डिझायनर वेगळा भार धरतो, तो किती धरलाय हे शेडच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं.

समजा चौरस मीटरला १० किलो धरलेत, पर्लिन दीड-दीड मीटरवर आहेत आणि दोन राफ्टरमध्ये साडेसात मीटर अंतर आहे. एका पर्लिनच्या वाट्याला आले ११२ किलो, आणि त्यातच दिवेही आले. तिच्याखालून लांबीने जाणारा आपला ५० किलोचा ट्रे त्याच साडेसात मीटरमध्ये ३७५ किलो टाकतो. वाळूजला आमचं नेमकं हेच झालं होतं. शिवाय रॉड पर्लिनच्या उभ्या भागाला न धरता खालच्या ओठाला अडकवला होता. वजन एका बाजूने ओढत राहिलं की असली पर्लिन आधी पिळते, वाकते नंतर.

मग आम्ही ते सगळं उतरवून ट्रे कॉलमच्या रांगेजवळ घेतला, कॉलमला ब्रॅकेट दिले, दोन कॉलममध्ये चॅनल टाकला आणि त्यावर १.२५ मीटरवर आडवे सपोर्ट बसवले. कॉलम, राफ्टर, किंवा जमिनीवरून उभी केलेली स्वतंत्र चौकट हीच जड ट्रेची खरी जागा. राफ्टरला धरायचं तर बीम क्लॅम्प वापरा. शेडच्या डिझायनरला विचारल्याशिवाय राफ्टरच्या पट्टीला भोक नाही आणि वेल्डिंगही नाही. पर्लिनला वेल्डिंग तर मुळीच नको. जस्त जळतं, पातळ पत्रा वेडावाकडा होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आरसीसीच्या इमारतीत दुखणं वेगळं. तिथं रॉड क्वचितच तुटतो. १० एमएमच्या थ्रेडेड रॉडला ४० किलो म्हणजे काहीच नाही. निसटतं ते वरचं फास्टनर, म्हणजे काँक्रीटच्या भोकात ठोकून फुगवलेला बोल्ट. भोक पाडून आतली भुकटी न काढता फास्टनर ठोकलं की ते भुकटीवर बसतं, काँक्रीटला धरत नाही. भोक फुंकणीने साफ करा, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट, असेल तर ही सफाई सोडूच नका आणि तो सुकेपर्यंत वजन टाकू नका. खोली मोजायची ती प्लॅस्टरच्या आतल्या काँक्रीटपासून. १५-२० एमएम प्लॅस्टर खोलीत धरलं तर पकड तेवढी कमी झाली असं समजा. बीमच्या कडेपासून अंतर कंपनीने सांगितलेलं ठेवा. विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत फुगणारं फास्टनर भरवशाचं नाही. तिथं आरपार बोल्ट घेऊन मागे प्लेट द्या.

भिंतीवरच्या ब्रॅकेटचा एक हिशेब मी प्रत्येक नव्या इंजिनिअरकडून करून घेतो. दीड मीटर अंतराने एका ब्रॅकेटवर ७५ किलो येतात आणि ६०० एमएम ट्रेचा मध्य भिंतीपासून ३०० एमएम दूर असतो. बेसप्लेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये १०० एमएम अंतर असेल तर वरच्या बोल्टला भिंतीतून बाहेर ओढणारा जोर २२५ किलो भरतो. वजन ७५ चं आणि ओढ तिप्पट. तेच अंतर २०० एमएम केलं की ओढ निम्म्यावर येते. चार इंच जास्त लांब बेसप्लेटने एवढा फरक पडतो.

इथली माती, इथलं ऊन

दोन इमारतींमधला ट्रे बाहेरून खांबांवर न्यायचा असेल तर पायाखालची काळी माती आधी बघा. परभणी, नांदेडकडची माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. वरवर खड्डा घेऊन ओतलेला पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. दोन पावसाळ्यांनंतर असे खांब मी एकमेकांकडे झुकलेले पाहिलेत, मधला ट्रे कमानीसारखा उचललेला. पाया काळी माती ओलांडून खालच्या पक्क्या मुरमात उतरवा. खर्च वाढतो, पण दुसरा इलाज नाही.

उन्हाचंही तसंच. लोखंड तापलं की वाढतं. ५० मीटरचा सलग स्टीलचा ट्रे ४० अंशांच्या फरकाने साधारण २३ एमएम लांब होतो. जानेवारीच्या पहाटे पत्र्याखाली १० अंश आणि मेच्या दुपारी ५०, हा फरक आपल्याकडे सहज पडतो. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर ट्रे नागमोडी होतो किंवा बोल्ट कापतो. म्हणून लांब लाइनमध्ये एक्स्पान्शन जोड द्यायचा, मधला एक सपोर्ट घट्ट ठेवायचा आणि बाकीच्यांवर ट्रे सरकेल असे क्लॅम्प लावायचे. जोडातली फट बसवण्याच्या दिवशीच्या तापमानावरून ठरते. भर उन्हात बसवला तर फट थोडी, थंडीत बसवला तर जास्त. या जोडाच्या दोन्ही बाजूंना जवळच सपोर्ट हवा आणि वरून ढिली अर्थिंग पट्टी हवी, नाहीतर ट्रेची अर्थिंग तिथंच तुटते. इमारतीचा स्वतःचा एक्स्पान्शन जॉइंट जिथं आहे, तिथं ट्रेलाही जोड द्यावाच लागतो.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. लांब रॉडवर लटकणारा ट्रे भूकंपात झुल्यासारखा हलतो. ठराविक अंतरावर तिरपे आधार दिले, आडवेही आणि लांबीच्या दिशेनेही, तर तो आवरतो. किती आणि कुठं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या. धक्का नसतानाही त्यांचा उपयोग होतोच, कारण केबल ओढताना वळणावर ट्रेला बाजूने जबर ओढ बसते.

जिनिंगमध्ये कापसाचा तंतू, डाळमिलमध्ये भुसा आणि धूळ ट्रेवर साचते. तिथं बंद तळाचा ट्रे म्हणजे पेटायला तयार गादीच. लॅडर ट्रे घ्या, थर कमी ठेवा आणि झाडायला हात पोचेल एवढी जागा सोडा.

गंजाचं थोडक्यात सांगतो. पाच एमएम किंवा त्याहून जाड लोखंडाला हॉट डिप गॅल्व्हनायझिंग केलं की चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त, म्हणजे ८५ मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. आधीच जस्त चढवलेल्या २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून २७५ असतं, म्हणजे एका बाजूला २० मायक्रॉनच. दोघांनाही बाजारात जीआयच म्हणतात, तेव्हा ऑर्डरमध्ये थर लिहा. साइटवर कापलेल्या प्रत्येक तोंडाला जस्ताचा पेंट मारून घ्या.

दोर बांधण्याआधी आणि नंतर

पहिला सपोर्ट मारण्याआधी पाइपवाले, डक्टवाले, क्रेनवाले आणि आपण असे एका टेबलावर बसून शेडचा आडवा छेद काढा. क्रेनचा हुक, ट्रॉली कुठपर्यंत येते ते त्यात दाखवा. पाण्याच्या पाइपखाली ट्रे नको, वाफेच्या पाइपजवळ नको. थरांमध्ये किमान ३०० एमएम उभी जागा ठेवा, नाहीतर केबल टाकायला हातच जात नाही. पॉवर, कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटच्या केबल वेगवेगळ्या थरांत. वळणाचा रेडियस ट्रेच्या रुंदीवरून ठरवू नका, केबलवरून ठरवा. ६० एमएम जाडीच्या आर्मर्ड केबलला जाडीच्या बारापट, म्हणजे ७२० एमएम रेडियस लागतो. स्टोअरमध्ये असतात म्हणून ३०० चे बेंड आणले की केबल तरी मोडते किंवा ट्रेबाहेर येऊन वळते.

बसवताना दोन्ही टोकांचे सपोर्ट आधी लेव्हलमध्ये मारा, त्यांच्यामध्ये लाइनदोरी ताणा आणि मधले सगळे दोरीला धरून बसवा. मागच्या सपोर्टवरून पुढचा मोजत गेलात तर प्रत्येकाची एक-एक सुताची चूक साठत जाते आणि चाळीसाव्या सपोर्टला ट्रे तिरका दिसतो. रॉडला चॅनलच्या वर आणि खाली दोन्हीकडे नट हवेत. जोडपट्टीचे बोल्ट आतून बाहेर घाला, म्हणजे नट बाहेर राहतात आणि ओढताना केबलचं आवरण फाटत नाही. उंचीवर हार्नेस अडकवायचा तो इमारतीच्या लोखंडाला किंवा लाइफलाइनला. ट्रेला हार्नेस अडकवणं, ट्रेला शिडी टेकवणं, ट्रेवरून चालणं यातलं काहीही चालवून घेऊ नका. ट्रेचा हिशेब पसरलेल्या वजनाचा असतो. एका पायाखाली येणारे सत्तर-ऐंशी किलो त्यात धरलेले नसतात.

उभ्या ट्रेत केबलचं वजन तळाच्या ग्लँडवर, म्हणजे केबल पॅनेलमध्ये शिरते तिथल्या पकडीवर, येऊ देऊ नका. ८ मीटर उंचीला साडेपाच किलोच्या केबलचे ४४ किलो होतात. प्रत्येक मीटरला क्लॅम्प लावला की ते वाटलं जातं.

केबल टाकून झाल्यावर पुन्हा दोरी लावून झोल मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. मग प्रत्येक लाइनच्या दोन्ही टोकांना छोटी पाटी लावतो. मीटरला किती किलोचा ट्रे, आज त्यावर किती टाकलंय, किती शिल्लक. वाळूजच्या त्या शेडमध्ये अशी पाटी आहे. तिथं ८ किलोची जागा होती, गेल्या वर्षी नव्या कंप्रेसरच्या केबलने साडेपाच घेतले. तिथल्या मेंटेनन्सच्या पोरानं जुना आकडा खोडून मार्करने 'शिल्लक अडीच' लिहिलं आणि मला फोन करून विचारलं, "सर, अजून एक कंट्रोल केबल टाकायलोत, चालंल ना?" मी मीटरचं वजन विचारलं. पाऊण किलो. म्हटलं, टाक, आणि पाटीवर पावणेदोन लिही.